चिलखत उलटं करून दाखव

माझं पहिलं रोमन चिलखत माझ्यासारखंच भारतातून इंग्लंडला आलेलं होतं. ऑनलाइन मागवलं, खोकं फोडलं, अंगात चढवलं, आरशात बघितलं आणि खूश झालो. पुढच्या रविवारी ते घालून आमच्या मंडळात गेलो. न्यूकॅसलच्या आसपासच्या हौशी लोकांचं हे मंडळ आहे. रोमन सम्राट हेड्रियननं उत्तर इंग्लंडमध्ये बांधलेल्या भिंतीलगतच्या किल्ल्यांवर उन्हाळ्यात रोमन सैनिकांचं जगणं करून दाखवतात: कवायत, स्वयंपाक, तंबू, सगळं. तिथं कपडे आणि शस्त्रं तपासायचं काम सत्तरीतल्या एका गृहस्थांकडे आहे. त्यांची हयात कोळशाच्या खाणीत फिटर म्हणून गेली. त्यांनी माझ्याकडे समोरून धड बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "काढ, आणि उलटं करून दाखव."

उलटं केलं. आतून जाड चामडं, आणि प्रत्येक खवल्याला दोन-दोन रिव्हेट ठोकलेले. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून पितळी दिसणाऱ्या खवल्याला लावलं. टक्कन चिकटलं. लोखंडी पत्र्यावर पितळेचा मुलामा. "इंडियन," ते म्हणाले, आपण 'चायना माल' म्हणतो ना, अगदी त्याच सुरात. मग त्यांची नजर माझ्या तोंडाकडे गेली आणि कान लालबुंद झाले.

त्यांचं चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. जगभरातल्या हौशी रोमनांचं बरंचसं स्वस्त सामान भारतातूनच येतं, आणि घेणारा स्वस्त मागतो म्हणून देणारा स्वस्त देतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामाचं छोटं वर्कशॉप आहे. त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे: जेवढा पैसा तेवढं फिनिशिंग. पण तो 'इंडियन' शब्द काही डोक्यातून जाईना. घरी येताना गाडीत ठरवून टाकलं, आता स्वतःच्या हातानं करायचं, आणि आतून बघितलं तरी कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही.

कुणाचं चिलखत करायचं, हे आधीच ठरलेलं होतं. भिंतीलगत कार्व्होरान नावाचा किल्ला आहे, रोमन नाव माग्ना. हेड्रियनच्या काळात तिथं 'कोहोर्स प्रिमा हामियोरुम सागित्तारियोरुम' ही तुकडी होती, म्हणजे सीरियातल्या हामा शहराकडचे तिरंदाज. त्यांचा अधिकारी तितुस फ्लाविउस सेकुंदुस यानं दैवाच्या देवीला वाहिलेली वेदी तिथं सापडली आहे. तीवर हेड्रियनचा वारस लुकिउस एलिउस कैसर याचं नाव असल्यामुळे ती 136 ते 138 मधली, हे पक्कं आहे. या लोकांनी सीरियन देवीच्या नावानंही इथं लेख कोरले. ओरोंतेस नदीकाठच्या उन्हातली माणसं इथल्या आडव्या पावसात येऊन राहिली होती! मी कोल्हापूरहून आलो तो नोव्हेंबर होता. मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आणखी एक कारण सांगून टाकतो. कार्यक्रमात कुणी ना कुणी, बहुतेक वेळा अगदी प्रेमानं, विचारतंच: "पण तुमच्यासारखे लोक तेव्हा इथे होते का?" त्यावर माझ्याकडे उत्तर तयार असतं. साउथ शील्ड्सला, टाइन नदीच्या मुखाशी, एक थडगं सापडलेलं आहे. सीरियातल्या पाल्मिराच्या बाराते नावाच्या माणसानं आपल्या बायकोसाठी ते उभारलं. बायको रेगिना, ब्रिटनमधल्याच कातुवेल्लौनी जमातीची, आधी त्याची दासी, मग मुक्त केलेली. तिसाव्या वर्षी गेली. वर लॅटिन मजकूर, आणि खाली बारातेच्या स्वतःच्या लिपीत एकच ओळ: बारातेनं मुक्त केलेली रेगिना, हाय. हे सांगितलं की विचारणारा गप्प होतो. मीही होतो थोडा.

खरं तर रोम आणि कोल्हापूर हे नातं मला लहानपणापासून ठाऊक होतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती निघाली. टाउन हॉलच्या संग्रहालयात शाळेची सहल गेली की बाई सांगायच्या, "हा रोमन लोकांचा समुद्रदेव." कोल्हापुरात समुद्रदेव कशाला आला, असं आम्ही विचारायचो आणि बाई पुढच्या कपाटाकडे जायच्या.

असो. चिलखताकडे येतो.

लॅटिनमध्ये 'स्क्वामा' म्हणजे माशाचा खवला, म्हणून हे 'लोरिका स्क्वामाटा'. सिनेमातल्या रोमन सैनिकाच्या अंगावर रुंद पट्ट्यांचं चिलखत असतं, ते वेगळं. हे पूर्वेकडचं, रोमच्या कितीतरी आधी अ‍ॅसिरियात चालत आलेलं. शेकडो छोटे पत्रे. प्रत्येक पत्रा शेजारच्याला तारेनं बांधलेला, आणि अशी अख्खी ओळ वरच्या भोकांतून कापडावर शिवलेली. एक ओळ दुसरीवर चढते, कौलांसारखी. व्हेरोनाला क्विंतुस सेर्तोरिउस फेस्तुस नावाच्या सेंच्युरियनचा, म्हणजे रोमन तुकडीच्या नायकाचा, थडग्याचा दगड आहे, त्याच्या अंगावर हे चिलखत इतकं रेखीव कोरलंय की खवले मोजत बसावेत.

अस्सल खवले बघायचे म्हणून एडिंबराला गेलो. मेलरोजजवळच्या न्यूस्टेड किल्ल्यात जेम्स कर्ल यांनी 1905 ते 1910 मध्ये खोदकाम केलं, त्यात असे तीनशेहून जास्त पितळी खवले मिळाले. माझ्या करंगळीच्या पेराएवढे. काचेला नाक लावून उभा राहिलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती त्यांच्या पातळपणाची. मी मनात चांगला दणकट पत्रा धरून चाललो होतो. पण हे काम पत्र्याच्या जाडीवर चालतच नाही, खवल्यावर खवला चढतो त्यावर चालतं. त्यामुळे अंगावर बहुतेक ठिकाणी दोन पदर पडतात, काही ठिकाणी तीन.

एवढं डोळ्यांनी बघूनही मी पहिला पत्रा 0.8 मिलिमीटरचा आणला. हौस. शंभरेक खवले कापून झाल्यावर एक खवला वजनकाट्यावर ठेवला: 4.7 ग्रॅम. एकूण खवले 1,684 लागणार होते. म्हणजे नुसत्या पत्र्याचंच जवळजवळ आठ किलो. 0.5 चा घेतला तर पाच किलोच्या आत. ते शंभर खवले डब्यात भरून ठेवले. माझी मुलगी त्यांचा दुकान-दुकान खेळायला पैसे म्हणून वापर करते.

धातूचीही एक गंमत आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या पितळेत सदतीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं आणि त्याचा रंग लिंबासारखा पिवळा. रोमन पितळेत जस्त इतकं चढतच नसे. तांबं वितळण्याआधीच जस्ताची वाफ होऊन जाते, म्हणून ते लोक तांब्याचे तुकडे, कोळसा आणि जस्ताची माती बंद मुशीत तापवायचे आणि ती वाफ तांब्यात मुरवायचे. या पद्धतीनं वीस-पंचवीस टक्क्यांच्या फार पुढं जाता येत नाही. म्हणून मी सोनारकामाचं सामान विकणाऱ्याकडून पंधरा टक्के जस्ताचा पत्रा घेतला. इथं त्याला 'गिल्डिंग मेटल' म्हणतात. रंग जुन्या समईसारखा, किंचित तांबूस. महाग पडला. पण दोन्ही पत्रे शेजारी ठेवले तेव्हा आमच्या तपासनीस आजोबांनी लिंबाच्या रंगाच्या पत्र्याकडे बोट दाखवून नुसतं नाक मुरडलं, त्यात पैसे वसूल झाले.

खवल्याचं माप 32 बाय 22 ठेवलं, खालची कड गोल. एका खवल्याला सहा भोकं: दोन्ही कडांना दोन-दोन तारेसाठी, वर मध्ये दोन शिवणीसाठी. 1,684 गुणिले सहा. हा गुणाकार मी मुद्दाम काम अर्धं झाल्यावर केला.

मामाला व्हिडिओ कॉलवर पहिला खवला दाखवला. त्याच्यामागं प्रेसचा धडधडाट चालू होता.

"किती नग पाहिजेत?"

"सतराशेच्या आसपास."

"मग हातानं कशाला करत बसलाईस? डाय पाठव, दुपारपर्यंत मोकळा करतो तुला."

"मामा, रोमन लोकांकडं पॉवर प्रेस नव्हता."

"तुझ्याकडं बी नाही म्हण की." मग जरा पुढं वाकून बघत, "भोकं कशानं मारलाईस? ड्रिल?"

"पंचनं. लाकडावर ठेवून, हातोडीनं."

"मग मागनं बर आला असणार. डाय वापरत असशील तर एक थाऊ क्लिअरन्स ठेव, लाकडावर मारलास तर बर येणारच. कानस मार. नाहीतर काहीतरी कापंल ते."

डाय म्हणजे पंचाखालचा साचा, क्लिअरन्स म्हणजे पंच आणि डाय यांच्यातली फट, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बर म्हणजे भोक पाडताना पत्र्याच्या मागच्या बाजूला निघणारी धारदार कड. मामाचं मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. मनात म्हटलं, रोमन कारागीरही पंचनंच भोकं पाडायचे, त्यांच्याही खवल्यांना बर असणार, म्हणजे बर ठेवणं हेच जास्त अस्सल. या तर्कटाची किंमत पुढं मोजली.

दोन महिने शनिवार-रविवार हेच चाललं. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये बसायचं, पत्राकात्रीनं पट्ट्या, पट्ट्यांचे तुकडे, तुकड्यांना गोल कड. मग ओकच्या ओंडक्यावर ठेवून ठक, ठक, ठक, सहा वेळा. मग लाकडात कोरलेल्या खोलगट खाचेत ठेवून मधोमध एक हलका ठोका, म्हणजे खवल्याला किंचित पोट येतं आणि पातळ पत्रा ताठ होतो. सुरुवातीला एका खवल्याला सात मिनिटं लागायची, शेवटी चारवर आलो. पहिल्या दोनशेत प्रत्येक खवला मापानं तपासायचो. पाचशेनंतर बोटंच सांगायला लागली. हजारानंतर कंटाळा आणि गाणी. एका शनिवारी डावीकडची भोकं दोन मिलिमीटर वर पडत गेली, ऐंशी खवल्यांवर, आणि मी क्रिकेट ऐकत होतो म्हणून कळलंच नाही. ते ऐंशी वाया.

पट्ट्या कापायच्या आधीची कल्हई सांगायची राहिली, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे.

सॉमरसेटमधल्या हॅम हिलला जे खवले सापडले त्यांत एक खवला पितळी आणि एक कथील चढवलेला, असे आळीपाळीनं लावलेले आहेत. सोनेरी, रुपेरी, सोनेरी, रुपेरी. ते वाचलं आणि मला एकदम आमच्या गल्लीतला कल्हईवाला आठवला. जमिनीत खड्डा, कोळसे, भाता, आणि भांडं लाल व्हायच्या आत टाकलेली नवसागराची चिमूट. तो पांढरा धूर आणि नाकात जाणारा वास. मग कथलाचा एक स्पर्श, कापसाच्या बोळ्याचा एक फेर, आणि काळं पडलेलं पातेलं आतून चांदीचं. रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की ही युक्ती गॉल प्रांतातल्या लोकांनी काढली आणि अशी भांडी चांदीच्या भांड्यांपासून जेमतेमच वेगळी ओळखू येतात. आमच्या गल्लीतल्या बायकांना ते ओळखू यायचं, पण प्लिनीला पातेली घासावी लागत नव्हती.

आईला फोन केला.

"आधी चिंच-मिठानं लख्ख घासून घे," ती म्हणाली. "कळकट भांड्याला कल्हई धरत नाही. आणि नवसागर मिळतो का रे तिकडं?"

मिळतो. इथं सोल्डरिंगच्या सामानात, सोल्डरिंग आयर्नचं टोक साफ करायला त्याची वडी विकतात. नाव निराळं म्हणून महिनाभर माझ्या समोरच्या कप्प्यात असून मला कळलं नव्हतं. आईच्या सांगण्याप्रमाणे पत्रा घासला. पण पहिला प्रयोग मी स्वयंपाकघरात केला, गॅसवर, एक्झॉस्ट लावून. चिमूट टाकली मात्र, पांढरा लोट उठला आणि घरातले तिन्ही अलार्म एकदम किंचाळायला लागले. शेजारच्या आजी ओव्हनमिट घातलेल्या हातांनीच बाहेर आल्या. बायकोनं मला पत्र्यासकट अंगणात काढलं ते कायमचंच.

अंगणात मात्र जमलं. आधी पट्टी घासायची, कॅम्पिंगच्या बर्नरवर खालून तापवायची. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणजे पत्रा मऊ पडण्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे ताठपणा जात नाही. नवसागर भुरभुरायचा, धूर उठतो त्या क्षणी कथलाची कांडी फिरवायची आणि लगेच कापसाच्या बोळ्यानं एकाच दिशेला पुसून काढायचं. हात जरा रेंगाळला की गुठळी होते. घाई केली की पिवळे डाग राहतात. आठव्या पट्टीला हात बसला. त्या पट्टीवर ऊन पडलं होतं आणि तिच्यात माझा चेहरा दिसत होता, जरा वाकडा. फोटो काढून आईला पाठवला. तिनं उत्तरात लिहिलं, "तळाला डाग राहिलाय."

आता जुळणी. पितळेच्या 0.8 मिलिमीटर तारेचे छोटे तुकडे, दोन खवल्यांच्या कडा एकमेकींवर घेऊन भोकांतून तार घालायची आणि टोकं मागे वळवून चेपायची. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून करण्यासारखं काम. अशा ओळी तयार झाल्या की तागाच्या कापडाच्या आतल्या अंगरख्यावर त्या खालून वर शिवत जायचं. सगळ्यात खालची ओळ आधी, तिच्यावर पुढची.

इथं मी एक शॉर्टकट मारला. स्कॉटलंडमध्ये टे नदीकाठी कारपो इथं 1979 मध्ये अशा चिलखताचा तुकडा मिळाला, मागच्या तागाच्या कापडासकट. कापड सहसा कुजून जातं, म्हणून तो तुकडा फार मोलाचा. त्यावरून शिवण नेमकी कशी होती ते कळतं. खवल्यांच्या ओळीवर वरच्या भोकांलगत एक जाड दोरा आडवा ठेवलेला, आणि शिवणीचा दोरा कापडातून वर येऊन त्या जाड दोऱ्यावरून वळसा घेऊन परत खाली गेलेला. मी विचार केला, हा आडवा दोरा वरच्या ओळीखाली झाकला जातो. कुणाला दिसणार? गाळला तर निम्मा वेळ वाचतो. गाळला.

बायको मालवणची. ती शनिवारी नॉर्थ शील्ड्सच्या मासळी बंदरावरून बास आणते, चांगले दोन-दोन किलोचे. मी ओळी शिवत बसलो होतो आणि ती सिंकशी मासा साफ करत होती. सुरी शेपटीकडून डोक्याकडे ओढली की खवले टपटप उडतात. तिनं माझ्याकडे बघितलं, मग चिलखताकडे.

"खालून सुरी घातली तर तुझेपण असेच निघतील की," ती म्हणाली.

या चिलखतावरचा हा आक्षेप पुस्तकांतही आहे: समोरून आणि वरून चांगलं, पण खालून वर मारलेला घाव खवल्याखाली शिरतो. मी तिला पटवून सांगायला गेलो की खवल्यांच्या ओळी नीट घट्ट शिवल्या तर ते इतकं सोपं नसतं. ती म्हणाली, "माशानंपण घट्टच शिवलेले असतात." मग हात पुसून माझ्या हातातली ओळ घेऊन बघितली. "आणि या चार ओळी उलट्या का आहेत?" खरंच उलट्या होत्या. बाकी सगळ्या ओळींत डावा खवला उजव्यावर, या चारांत उजवा डाव्यावर. मासा आणि मालवणची बाई यांच्यापासून काही लपत नाही. चारही ओळी उसवल्या.

आत घालायचं जाड अस्तर मात्र झटपट झालं. लोकरीचे दोन पदर, वर-खाली ताग, आणि आडव्या धावदोऱ्यानं शिवण. ज्यानं आजीच्या मांडीशी बसून गोधडी होताना बघितली आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. मंडळातल्या एकानं विचारलं, हे तंत्र कुठल्या ग्रंथात मिळालं. मी म्हटलं, कौटुंबिक संग्रहात.

जूनमध्ये पहिला कार्यक्रम. भिंतीजवळच्या एका किल्ल्याचं मैदान, हलका पाऊस, मेंढ्या आणि चांगले दीडेकशे लोक. अंगावर सगळं मिळून सहा किलोच्या आसपास. कमरेला पट्टा आवळला की निम्मा भार खांद्यावरून उतरून कमरेवर येतो, हे ऐकून होतो. पण आवळल्यावर जो हुश्श झालं ते ऐकून कळत नाही. सोनेरी-रुपेरी खवले, त्यावर पावसाचे थेंब. एका पोरानं आईला विचारलं, "हा मासा आहे का?" मी खूश.

मग धनुष्य ओढलं. तिसऱ्या बाणाला छातीवर काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. पाचव्याला किणकिण ऐकू आली. खाली बघतो तर डाव्या काखेखालच्या ओळीतला एक तुकडा लोंबतोय आणि गवतात तीन खवले गायब. दोरा ज्या-ज्या ठिकाणी भोकाच्या कडेवरून वळला होता तिथं-तिथं बरनं त्याला करवतीसारखं कापत आणलं होतं. नऊ ठिकाणी तुटला होता, आणखी वीसेक ठिकाणी तुटायच्या बेतात. दोरा धातूवरून वळू नये म्हणून रोमन लोकांनी मध्ये तो जाड दोरा घातला होता. तो मी वेळ वाचवायला काढून टाकला होता, आणि वर बरही ठेवली होती, अस्सलपणाच्या नावाखाली.

कार्यक्रम संपला तरी आम्ही मैदानावरच. प्राचीन जागेवर आपलं काहीही टाकून जायचं नाही, हा मंडळाचा कडक नियम आहे. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणाला तरी माझा खवला सापडायचा आणि एखाद्या शोधनिबंधाची वाट लागायची. संरक्षित जागेवर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून आठ माणसं ओल्या गवतात ओणवी होऊन हातानं चाचपडत होती. तपासनीस आजोबाही, त्यांच्या गुडघ्यांसकट. एक तासानं दोन सापडले. तिसरा काही मिळेना. अंधार पडायला लागला तेव्हा मी पट्टा सोडला, आणि तो अस्तराच्या घडीतून माझ्या बुटावर पडला. कुणी काहीच बोललं नाही. आजोबांनी हात झटकले, माझ्याकडून चिलखत घेतलं, उलटं केलं आणि भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"किती क्लिअरन्स?" त्यांनी विचारलं.

"डाय नव्हती. लाकडावर मारलीत."

"एक थाऊ," ते म्हणाले. "आणि नंतर कानस."

खाणीतला फिटर आणि उद्यमनगरातला मामा, दोघांची मापं इंचाच्या हजाराव्या भागातच. मी हसलो. त्यांना वाटलं, मी त्यांनाच हसतोय.

अख्खं चिलखत उसवलं. जुलै ते जानेवारी. प्रत्येक भोकाची मागची कड मोठ्या ड्रिलच्या टोकानं हातानं फिरवून मोडली, दहा हजारांच्या वर भोकं, आणि मग बारीक कानस. तारा नव्यानं. दोऱ्याला मेण. आणि प्रत्येक ओळीवर तो आडवा जाड दोरा, वरच्या ओळीखाली झाकला जाणारा. डाव्या बाजूला धनुष्याची दोरी खवल्यांना अडकत होती, म्हणून काखेजवळचे सहा खवले काढून कड चामड्यानं बांधून घेतली. त्या सहा महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाठ दुखते आणि आकडा हळूहळू कमी होतो.

फेब्रुवारीत मंडळात नेलं. आजोबांनी लोहचुंबक खिशातच ठेवलं. उलटं करून टेबलावर पसरलं, चष्मा लावला, आणि एकेका ओळीवरून, शिवणीवरून, हात फिरवत गेले. चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "खालून सातवी ओळ, उजवीकडे. गाठ सैल आहे." बाकी काही नाही. वहीत माझ्या नावापुढं खूण केली, आणि 'कुठे बनलं' या रकान्याशी आल्यावर पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं.

"लिहा की," मी म्हटलं. "इंडियन."

त्यांचे कान पुन्हा लाल झाले. पण लिहिलं.

दिवाळीत कोल्हापूरला गेलो तेव्हा गवतातून वाचलेला तो तिसरा खवला बरोबर घेतला होता. त्याच्या जागी नवा बसवला आहे. उद्यमनगरात मामाच्या हातात दिला. त्यानं प्रेस बंद केला, चष्मा कपाळावर चढवला आणि खवला उजेडात धरला. कल्हईची बाजू बघितली, पोट बघितलं, कडेवरून नख फिरवलं. वर्कशॉपमधली दोन पोरं येऊन उभी राहिली. मग त्यानं खवला उलटा केला आणि अंगठ्यानं एकेक भोक चाचपलं. पाच भोकं झाली. सहाव्यावर थांबला.

"हितं बर हाय की रं अजून," तो म्हणाला, आणि कानस घेतली.